वाजत होता तोवर

कूलरच्या टाकीत पाइप सोडला होता,
फोन कान आणि खांद्याच्या चिमटीत,
आणि मी चॅनेलला सांगत होते,
'हो हो, एपिसोड झालाच आहे, फक्त शेवट बघतेय.'
एकही ओळ झालेली नव्हती.
खांदा जरा हलला.
डुबुक.

त्याच सकाळी मानेवाड्याच्या सिमेंट रोडवर
जेसीबीनं केबल उपटली,
वाळल्या दोडक्याचा वेल ओढावा तशी.
राउटरवर एकच लाल दिवा,
बंद दुकानाच्या पायरीवर कुत्रं पडून राहावं तसा.

पंचेचाळीस डिग्री.
रविवारचा स्तंभ, दोन जाहिराती,
एका पापड कंपनीचा सुवर्णमहोत्सव,
कुणाच्या तरी सासऱ्यांचं मानपत्र,
सगळं म्हणे ढगात साठवलेलं.
मे महिन्यात, नागपूरच्या आभाळात,
ढग.

फोन तांदळाच्या डब्यात पुरला.
तासाभरात चारदा हात डब्यात गेला,
चारदा नखांत चिन्नोर.
पेन शोधलं. पाच सापडली, पाचही सत्कारातली,
एकही उठेना.
शेवटी किराण्याच्या यादीची पेन्सिल.
शब्द अडला की अंगठा आपसूक वर सरकायचा,
कागद आपला जागीच.

दीडच्या सुमारास कडी वाजली.
'बाई, तब्येत बरी आहे नं?'
दारात मोरबाजी हेडाऊ,
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा,
गोळीबार चौकातून दोन बस बदलून.

चौदा महिने हा माणूस मला फोन करतोय,
वहीला प्रस्तावना हवी म्हणून.
चौदा महिने मी पडद्यावर त्याचं नाव उमटताना बघतेय
आणि फोन उपडा ठेवतेय.
एकदा तर म्हणाले, रेंज नव्हती.

'तुमी उचलत नाही, त्याचं काही नाही जी.
वाजून राह्यला म्हंजे बाई कामात आहे, इतकं समजते.
आज बंद लागला.
नऊ डाव लावला.
म्हटलं, जाऊनच पाहाव.'

मी पाणी आणायला आत गेले
आणि गरजेपेक्षा जास्त वेळ माठापाशी उभी राहिले.

परत आले तर ते कूलरपाशी बसलेले,
कोपरापर्यंत हात टाकीत.
पंपाच्या जाळीतून भुशाची ओली गुंडी काढली.
वारा एकदम गार झाला.

'तुमच्या चौकात एक पोरगा खड्ड्यात बसून
तार जोडून राह्यला. केसावानी बारीक.
दुसरा त्याच्यावर छत्री धरून.
अर्धा घंटा उभा होतो मी तिथं.
आमी मागावर थुंकी लावून जोडत होतो,
त्याच्याजवळ मशीन आहे.
पन टोक तं त्यालेच शोधा लागते नं बाई.
मशीन टोक नाही शोधत.'

'वही आणलीत का?' मी विचारलं.
स्वतःचाच आवाज ओशाळा वाटला.
'नाही जी. आज तिच्यासाठी नव्हतो आलो.'
चहा नको म्हणाले. कांदा चाचपला,
दुपट्टा नळाखाली पुन्हा भिजवून घेतला
आणि उन्हात उतरले.

सातला दिवा हिरवा झाला.
एकसष्ट निरोप.
पापडवाल्यांनी सहा वेळा 'तातडीचं',
सातव्यांदा 'राहू द्या'.
एपिसोडचा शेवट दुसऱ्या कुणीतरी लिहून दिला होता.
बरा होता, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी फोन उठला.
आवाज अजून पाण्यातून येतो.
चार्जरच्या भोकात चिन्नोरचा एक दाणा अडकलाय,
पिनेनंही निघत नाही.
पहिला फोन कर्ज देणाऱ्या बँकेचा.
दुसरा मी लावला, गोळीबार चौकात.

पूर्ण वाजला, थांबला.
पुन्हा लावला.
वाजतोय.